काम झालं असतं तर दिसलं असतं

मतं मला लहानपणापासूनच लई. बिडकीनच्या आमच्या घरात तूर कधी काढायची इथपासून ते मारुतीच्या देवळाला कोणता रंग द्यायचा इथपर्यंत शिवराजचं मत तयार असायचं, कुणी विचारलेलं असो नसो. माझे वडील, आबा, म्हणायचे, "ह्याला काम सांगू नका, निस्तं बोलू द्या." पुढं इंजिनियर झालो, पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, आणि तिथं तर मतांना बाजारच होता राव.

कोड कशात लिहावा, यावर माझं मत. माऊसला हात लावणारा प्रोग्रामर म्हणजे अजून पाटीवर गिरवणारा, हे माझं मत. एआयकडून कोड लिहून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवणं, हेही माझंच. कंपनीच्या ग्रुपवर मी असलं ठोकून द्यायचो आणि पोरं वाहवा करायची. मला वाटायचं, काय बोललो! आज त्यातलं काहीही समोर आलं की माझं मलाच थोबाडून घ्यावंसं वाटतं.

लॉकडाऊनमध्ये मी संभाजीनगरला परत आलो तो आलोच. देवळाईत फ्लॅट, फ्लॅटमध्ये कामाची वेगळी खोली, खोलीला आतून कडी. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट, वर इन्व्हर्टर. घरून काम करण्यावर तर मी लेखच लिहिला होता. त्याचं नाव 'घरून काम करायची लायकी'. दार लागणारी खोली पाहिजे, दोन इंटरनेट पाहिजेत, लाईट गेली तरी काम चाललं पाहिजे, मीटिंगला कॅमेरा चालू पाहिजे. ज्याला एवढं जमत नाही त्यानं घरून काम करायचा हट्ट धरू नये. असा सगळा थाट.

माझी बायको मंजुषा, ती शाळेत शिक्षिका आहे. तिनं लेख वाचला आणि म्हणाली, "फ्लॅट आबांनी घेऊन दिलाय, ते बी लिहा की."

"त्याचा काय संबंध?" मी म्हणालो.

"काही नाही. मुलांच्या वह्या तपासायची सवय आहे, राहिलेलं दिसतं मला."

मी हसण्यावारी नेलं. लेख कंपनीत सगळ्यांना आवडला. आमच्या मॅनेजर मोनिका मॅडम, पुण्यात बसतात. त्यांनी तो वरच्या साहेबांना पाठवला.

प्रांजली आमच्या टीममध्ये आली ती मीच मुलाखतीत निवडली म्हणून. देवगाव रंगारीच्या अलीकडं एक कच्चा रस्ता फुटतो, त्यावरच्या वस्तीवरची पोरगी. घरची मेंढरं. वडील, सोनाजी, दिवाळी झाली की चाऱ्यासाठी कळप घेऊन खाली उतरतात ते पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. आई पूर्वी बरोबर जायची, पण तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती घरीच. तिला उठवा-बसवायला माणूस लागतं आणि ते माणूस म्हणजे प्रांजली. संभाजीनगरात हॉस्टेलवर राहून तिनं इंजिनियरिंग केलं आणि परत घरी गेली. तिला घरूनच काम पाहिजे होतं. आम्ही दिलं.

काम चांगलं करायची. पण मला खटकायची. मीटिंगला कॅमेरा बंद. का, तर "सर, कॅमेरा लावला की आवाज तुटतो." कोड माऊसनं लिहायची. अडलं की एआयला विचारायची. मी तिचं काम तपासायला घ्यायचो आणि वीस-वीस शेरे मारायचो, त्यातले पंधरा माझ्या आवडीनिवडीचे. ती प्रत्येकाखाली लिहायची, "हो सर, करते." एकदाही उलटून बोलली नाही, आणि मी समजायचो की माझं सगळं पटतंय तिला.

आता जे झालं ते सांगतो. आमच्या कामाची पद्धत तशी साधी. कोडची एक सामायिक प्रत सर्व्हरवर असते. प्रत्येक जण आपापल्या लॅपटॉपवर काम करतो आणि झालं की तिथं पाठवतो. दोघातिघांचं काम एकत्र आलं की कुणी कधी काय केलं याच्या ओळींचा गुंता होतो. तो गुंता मला बिलकूल खपत नाही. पेरणीची तासं कशी सरळ असतात, तसं मला ते सरळ लागतं. म्हणून मी स्वतःपुरता एक दोन अक्षरी हुकूम तयार केला होता. तो दिला की सर्व्हरवरची प्रत पुसली जायची आणि तिच्या जागी माझी नीटनेटकी प्रत जाऊन बसायची. सामायिक प्रत अशी पुसायची नाही, हा टीमचा नियम आहे. नियम कुणी लिहिला? मीच. पण नियम लिहिणाऱ्याला वाटतंय कुठं की तो आपल्यालाही लागू आहे म्हणून!

शाळेच्या बसचं आमचं एक ॲप आहे. बस कुठं पोचली ते पालकांना फोनवर दिसतं. त्यात बसला उशीर झाला की पालकांना निरोप जायचा, तो भाग प्रांजलीकडं होता. पुढच्या सोमवारी दोन शाळांना ते दाखवायचं होतं. संक्रांतीच्या दिवशी, बुधवारी, सकाळी दहाच्या रोजच्या मीटिंगमध्ये ती म्हणाली, "सर, झालं. पाठवलंय मी." मी म्हणालो बरं. दुपारी जेवायच्या आधी माझं काम आवरलं, दोन अक्षरं टाकली, एंटर मारलं आणि तिळगूळ खायला गेलो.

संध्याकाळी तिचं काम तपासायला उघडलं तर तिथं काहीच नाही. एक ओळ नाही. माझ्या मनात काय आलं, ते सांगायला आज जीभ रेटत नाही. मनात आलं, केलंच नाही हिनं. सणाचे दिवस, घरी बसलेली, कॅमेरा बंद. केलंच नाही, आणि केलं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या मीटिंगमध्ये अकरा जण होते. मी म्हणालो, "प्रांजली, काम कुठंय?"

"सर, काल सकाळी सातलाच पाठवलंय."

"दिसत नाही इथं."

"मी पाठवलंय सर. तीन दिवसांचं सगळं."

"काम झालं असतं तर दिसलं असतं," मी म्हणालो. सगळ्यांसमोर. वर थोडं हसलोसुद्धा.

मग मी मोठेपणानं म्हणालो की तुझं नेट दगा देत असेल, तुझी प्रत गढूळ झाली असेल, तर सर्व्हरवरून ताजी प्रत घे. कोणता हुकूम द्यायचा तोही मीच सांगितला. तिनं ऐकलं. दोन मिनिटांनी म्हणाली, "सर, आता माझ्याकडंही नाही दिसत." जाईलच की! सर्व्हरवरची प्रत मी पुसलेली, ती तिनं माझ्या सांगण्यावरून आपल्या लॅपटॉपवर ओढून घेतली. तिच्याकडं उरलं होतं तेही गेलं.

आणि खरी लाजेची गोष्ट पुढंच आहे. असं पुसलेलं काम लॅपटॉपमध्ये महिना-दोन महिने तळाला पडून राहतं. एका हुकमानं वर काढता येतं. मला येतं ते, मी त्यावरही लेख लिहिलाय. तिला तेव्हा येत नव्हतं. मी दहा मिनिटं खर्च केली असती तर तिचे तीन दिवस परत आले असते. मी नाही सांगितलं. कारण तळाला काही असेल असं मला वाटतच नव्हतं.

"मग परत कर," मी म्हणालो.

तिनं परत केलं. रविवारी संध्याकाळी पूर्ण झालं, त्यामुळं तपासायला वेळ उरला नाही, आणि सोमवारी शाळेच्या लोकांसमोर ते मधेच अडकलं. मोनिका मॅडमनी माझ्याकडं लेखी कारण मागितलं. मी दोन ओळी लिहिल्या. सदर कर्मचारी गावाकडून काम करते. तिथल्या नेटवर्कमुळं काम वेळेत पोचलं नाही.

फेब्रुवारीच्या मधात कंपनीचं पत्रक आलं. घरून काम करायचे नवे नियम. वाचायला लागलो तर वाक्यं ओळखीची! वेगळी खोली, दोन इंटरनेट, लाईट गेली तरी काम. माझाच लेख, फक्त 'मी' काढून 'कंपनी' घातलेलं. शेवटी एक ओळ त्यांची स्वतःची होती. नेटवर्कमुळं ज्यांचं काम अडलेलं आहे त्यांनी एक मार्चपासून पुण्याला ऑफिसात हजर व्हावं. येणार की राजीनामा देणार, ते सत्तावीस तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळपर्यंत कळवावं. आमच्या टीममधून एकच नाव होतं.

त्या दिवशी प्रांजलीचा फोन आला. "सर, मॅडमशी एकदा बोलता का? बाबा जूनशिवाय येत नाहीत. आईला सोडून मी पुण्याला कशी जाऊ? नोकरीच सोडावी लागेल मला."

"बघतो मी," मी म्हणालो. बघतो म्हणायला काय लागतं! मॅडमना मी म्हणालो, तिचं जरा बघता आलं तर बघा. मॅडम म्हणाल्या, "अहो शिवराज, सगळं तुमच्याच लेखातलं तर आहे." मी म्हणालो, "हो, ते पण आहेच." आणि विषय संपला. थोडं वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण नियम तो नियम, असं म्हणून मी शांत जेवलो.

बावीस तारखेचा रविवार. मी नवीन लेख लिहायला बसलो होतो. विषय, माझा तो दोन अक्षरी हुकूम. एका हुकमात इतिहास कसा सरळ होतो, त्याची तारीफ. लेखाला एखादं चित्र पाहिजे म्हणून मी सर्व्हरचा रोजनामचा उघडला. कुणी किती वाजता काय पाठवलं, कुणी काय पुसलं, हे सर्व्हर स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. त्यातलं कुणाला पुसता येत नाही. खाली खाली जात संक्रांतीच्या बुधवारपर्यंत आलो.

सकाळी सात वाजून बारा मिनिटं. प्रांजली. चौदा बदल पाठवले.

दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं. शिवराज. प्रत पुसून बदलली.

आई गं! कानशिलं अशी तापली की हात लावून बघितला. लॅपटॉप मिटला. परत उघडला, परत तेच. खोलीची कडी लावलेलीच होती, तरी उठून बघितली नीट लागली का ते. अकरा जणांसमोर मी पोरीला खोटं पाडलं होतं. मीच पुसलं होतं, मीच विचारलं होतं कुठंय म्हणून, आणि मीच हसलो होतो.

संध्याकाळी मंजुषाला सगळं सांगितलं. ती वह्या बाजूला ठेवून ऐकत होती.

"मग करा की मॅडमना फोन," ती म्हणाली.

"करतो. नीट लिहूनच पाठवतो."

लिहायला दोन दिवस लावले. शेवटी तिला दाखवलं. 'संक्रांतीच्या आठवड्यात सर्व्हरवर काही तांत्रिक गडबड झाल्याचं निदर्शनास आलं असून संबंधित काम अनवधानानं पुसलं गेलं असण्याची शक्यता आहे.'

मंजुषानं दोनदा वाचलं. "ह्यात तुम्ही कुठं आहात?"

मी मजकूर परत वाचायला घेतला.

"अहो, चौथीतलं पोरगं सुद्धा 'बाई, काच फुटली' असंच म्हणतं. 'मी फोडली' नाही म्हणत. तुम्ही तर चाळिशीला आलात."

तो मजकूर पाठवला नाही. दुसराही लिहिला नाही. बुधवारचा दिवस असाच गेला. गुरुवारी मोनिका मॅडमना फोन लावला. ठरवून लावला होता, बोलायचं वाक्य कागदावर लिहून. पण त्यांनीच सुरुवात केली. "बरं झालं तुम्ही फोन केलात. पुढच्या महिन्यात सगळ्या कंपनीसमोर घरून काम करण्यावर तुम्ही बोलायचंय. वरच्यांचीच इच्छा आहे." मी कागद बघत होतो. म्हणालो, "मॅडम, त्या संक्रांतीच्या प्रकरणात... सगळी चूक नेटवर्कची नव्हती."

"मग कुणाची होती?"

आता सांगा! दार उघडं होतं, निस्तं पाऊल टाकायचं होतं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "तशी आपल्या सगळ्यांचीच थोडी थोडी."

"ते असतंच हो," मॅडम म्हणाल्या, आणि भाषणाची तारीख सांगितली. मी ती लिहून घेतली. त्याच कागदावर.

शरमेनं माणूस सुधारतो म्हणतात. मला तर ती आणखी पळपुटं करत होती. रात्री जेवताना मी मंजुषाला म्हणालो, "उद्या सकाळी प्रांजलीच्या गावी जाऊन येतो. तिची माफी मागतो."

ती ताटावरून मान वर न करता म्हणाली, "मॅडमना सांगायचा दम नाही म्हणून पोरीला सांगणार? म्हणजे माफ करायचं काम बी तिच्याच गळ्यात?"

"मग काय करू?"

"जा. पण तिथं जाऊन निस्तं रडू नका."

शुक्रवारी आठलाच गाडी काढली. दौलताबाद, कसाबखेडा फाटा, पुढं कच्चा रस्ता. वस्तीवर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. पत्र्याचं घर, पुढं सारवलेलं अंगण, रिकामं मेंढवाडं. अंगणात खाटेवर एक बाई बसलेली, शेजारी चालायचा लोखंडी वॉकर. ही प्रांजलीची आई, बानाबाई.

"प्रांजलीच्या ऑफिसातनं आलोय. शिवराज," मी म्हणालो.

"या बया! सर का तुमी?" बाई उठायलाच लागली. मी नको नको म्हणत तिला बसवलं. "बसा बसा. रोज तुमचंच नाव असतं घरात. सर असं म्हनले, सर तसं म्हनले. पोरगी पानी आनायला गेलीय, येईलच. लाईट पहाटंच गेली. लाईट गेली की टावर बी मरतो इथं, मंग ती त्या टाकीच्या पायरीवर जाऊन बसते. तितं तेवढी रेंज येते."

घरापासून शंभरेक पावलांवर पाण्याची टाकी होती. सिमेंटची, बाजूनं पायऱ्या.

"तिथं बसून काम करते?" मी विचारलं.

"व्हय. संक्रांतीला तर कहर केला बघा. करीच्या दिवसापून चार दिवस त्या पायरीवरनं हाललीच नाय. थंडी ही मरनाची. म्या इथून हाका मारू मारू दमले, का बाई जेवून तरी जा. तर म्हनती कशी, दर तासाला पाठवते आई, सरांना दिसलं पायजे." बाई हसली. मला हसता आलं नाही. "तिचं तीन दिसाचं काम पुसलं गेलं म्हनली कुनाच्या तरी हातून. कुनाच्या ते नाय सांगितलं. म्या इचारलं, आगं मंग त्यालाच करू दे की परत! तर म्हनती, जाऊ दे आई, त्यांना म्हाईत नसंल."

कुणाच्या तरी हातून. म्हणजे तिला माहीत होतं. मी खाटेच्या कडेला बसलो होतो, तिथून उठताही येईना आणि बाईकडं बघताही येईना. तिनं चहा टाकायला म्हणून वॉकर ओढला, तेव्हा मी म्हणालो, "मावशी, नको. खरंच नको." त्या घरचा चहा घशाखाली गेला नसता माझ्या.

प्रांजली हंडा घेऊन आली. मला बघून दचकली. हंडा ठेवला, पदर नव्हता तर ओढणी सारखी केली. "सर? तुम्ही इथं?"

"ते काम मी पुसलं होतं," मी म्हणालो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "संक्रांतीच्या दिवशी. बारा चाळीसला."

"हो सर. माहितीय."

"कधीपासून?"

"गुरुवारी संध्याकाळी. मीटिंगनंतर सर्व्हरचा रोजनामचा बघितला मी."

"म्हणजे दुसऱ्याच दिवशी? मग बोलली का नाहीस गं? मी सगळ्यांसमोर..."

तिनं आईकडं बघितलं. मग टाकीकडं चालायला लागली, मीही मागं गेलो. आईला ऐकू येणार नाही इतकं पुढं आल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही स्वतःच बघाल. दुसऱ्या दिवशी बघाल, सोमवारी तरी बघाल. रोज दहाला मीटिंग सुरू झाली की मला वाटायचं, आज सर म्हणतील."

"सहा आठवडे?"

"मुलाखतीच्या वेळी माझ्या वस्तीचं नाव ऐकून दोघं जण हसले होते. तुम्ही नव्हता हसलात. तुम्ही विचारलं होतं, मेंढरं किती आहेत म्हणून. मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम नाही करणार."

मुद्दाम केलं नव्हतं, हे मी म्हणू शकत होतो. तोंडापर्यंत आलंही होतं. पण चुकून पुसलं ते एक वेळ चुकून. हसलो ते काय चुकून हसलो होतो? लेखी कारण दिलं ते? काल मॅडमसमोर शेपूट घातलं ते? मला तिथंच रडू यायला लागलं होतं. मंजुषाचं बोलणं आठवलं आणि मी नाक पुसलं.

"दहा वाजले," मी म्हणालो. "मीटिंग लाव."

"माझ्या फोनवर लागेल सर. तुमच्या कार्डाला इथं रेंज नाही येत."

टाकीच्या चौथ्या पायरीवर आम्ही उभे राहिलो. तिनं फोन लावून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वर धरा सर. खाली घेतला की आवाज तुटतो." मी फोन डोक्याच्या वर धरला. पलीकडं टीममधल्या सगळ्यांचे आवाज, शुक्रवार म्हणून मोनिका मॅडमही होत्या, कुणीतरी चहा पीत होतं. मी म्हणालो, "मी शिवराज बोलतोय. मला आधी बोलायचंय."

आणि बोललो. कागद नव्हता, वाक्यं वाकडीतिकडी आली. प्रांजलीनं काम वेळेत पाठवलं होतं. मी ते पुसलं. टीमचा नियम मोडून पुसलं. तिला खोटं पाडलं. परत आणता आलं असतं, मी आणू दिलं नाही. नेटवर्कचं कारण मी दिलं, तेही न तपासता. काल मॅडमनी सरळ विचारलं तेव्हाही मी लपवलं. रोजनामच्याचं पान सगळ्यांना पाठवतो, बघा.

पलीकडं चहाचा आवाज थांबला. मोनिका मॅडम म्हणाल्या, "शिवराज, हे मला एकटीला सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"तिला बोललो होतो ते सगळ्यांसमोरच बोललो होतो, मॅडम."

"हं." पलीकडं टकटक टाईप केल्याचा आवाज आला. "तुमच्या त्या लेखी कारणावरूनच तिचं नाव आलं होतं. मी ते आजच यादीतून काढते. तुमचं काय ते आपण नंतर बोलू. प्रांजली आहे का तिथं?"

"आहे मॅडम," ती म्हणाली.

"तुला काही बोलायचंय?"

मी मान खाली घालून उभा होतो. खरं सांगू? या सगळ्यातसुद्धा माझ्या मनाचा एक कोपरा वाट बघत होता. ती म्हणेल, जाऊ द्या मॅडम. म्हणेल, सरांनी स्वतः येऊन सांगितलं, तेवढं पुरे. आजवर प्रत्येक शेऱ्याखाली 'हो सर' लिहिणारी पोरगी ती. दुसरं काय म्हणेल, असं माझं मत होतं.

"हो मॅडम," ती माझ्या हातातल्या फोनकडं तोंड करून म्हणाली. "मला इथूनच काम करायचंय. पण सरांच्या टीममध्ये नको."

"का गं? आता तर त्यांनी कबूल केलंय."

"केलंय मॅडम. पण आता मी काही पाठवलं की दहा वेळा उघडून बघते, आहे का गेलं म्हणून. झोपेतून उठून बघते. सरांचं नाव स्क्रीनवर आलं की आधी सगळ्या कामाची दुसरी प्रत काढून ठेवते. मला तसं काम नाही करायचं."

ती शांतपणे बोलत होती, थांबून थांबून, एकही शब्द न गाळता. माझा खांदा भरून आला होता. खाली घेतला असता तर तिचा आवाज तुटला असता. म्हणून तिचं बोलून होईपर्यंत मी फोन तसाच वर धरून उभा राहिलो.